दुपारचे धनी

वैशाख अर्ध्यावर आला, पळसाचा रंग केव्हाच झडून गेला, मोहफुले वेचून-वाळवून कोठीत पडली, काटोल-वरुडकडील संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराची कोवळी फळे उन्हाच्या तडाख्याने आळ्यांत गळू लागली आणि वर्धेच्या पात्रात पाण्याहून वाळूच अधिक दिसू लागली, म्हणजे विदर्भातील कोणत्याही गावाच्या चव्हाट्यावर दुपारी एकच्या सुमारास उभे राहून पाहावे. त्या वेळची निःशब्दता मध्यरात्रीच्या निःशब्दतेहून सर्वस्वी निराळी असते. कारण मध्यरात्री गाव निजलेले असते, आणि या वेळी ते जागेपणी माघार घेऊन बसलेले असते. कुत्री रांजणाच्या बुडाशी ओल्या मातीत, म्हशी डबक्यात, माणसे ओसरीच्या आतल्या अंगाला. उन्हाशी झुंजत न बसता दिवसाचे चार तास त्याला तोडून द्यावेत आणि उरलेले वीस आपण राखावेत, असा जो तह या प्रांताने पिढ्यान् पिढ्या पाळला, त्याची ही रोजची अंमलबजावणी होती. तो तह आता मोडला आहे. तो कोणी मोडला आणि त्याची नुकसानी कोण भरीत आहे, हे पाहण्याच्या इराद्याने गेल्या उन्हाळ्यात नागपूर, वर्धा आणि चंद्रपूर या बाजूंना हिंडणे झाले.

पुण्याचा पारा चाळिसावर गेला की वर्तमानपत्रांचे मथळे तापतात. नागपुरात चाळीस अंश म्हणजे सुखाचा दिवस. २३ मे २०१३ रोजी नागपूरच्या वेधशाळेत ४७.९ अंशांची नोंद झाली, आणि चंद्रपूरकर तर अशा आकड्यांकडे कित्येकदा काहीशा अभिमानानेच पाहतात. हवामान खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे सपाटीच्या मुलखात कमाल तपमान किमान ४० अंश असावे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीहून साडेचार अंशांनी चढलेले असावे, तेव्हा त्या स्थितीस उष्णतेची लाट म्हणावयाचे. किंवा सरासरीचा विचार न करता पारा ४५ ला भिडला, तरी म्हणावयाचे. किनाऱ्यावर हीच मर्यादा ३७ अंशांपासून सुरू होते, आणि त्यामागे जे सबळ कारण आहे त्याकडे पुढे वळावयाचेच आहे.

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढील नऊ दिवसांना इकडे नवतपा म्हणतात. साधारणतः २५ मे हा त्याचा आरंभ. आता गंमत अशी की नागपूर २१ अक्षांशांच्या किंचित वर असल्यामुळे मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होण्याचा दिवसही नेमका याच सुमारास, २६ मेच्या आसपास येतो. नक्षत्रे मोजणाऱ्या जुन्या माणसांनी हा मेळ जाणून घातला की तो या शतकांत योगायोगाने जुळून आला आहे, यावर पंचांगकर्ते आणि ज्योतिर्विद यांनी खुशाल वाद घालावा; अयनचलनामुळे काही शतकांनी तो मोडेल हे मात्र निश्चित. सूर्य डोक्यावर, आकाश निरभ्र, समुद्र शेकडो कोस दूर, काळी जमीन उघडी पडलेली आणि राजस्थानकडून येणारा कोरडा वारा, इतकी सामग्री एकत्र आल्यावर आणखी काय हवे? त्यातही हवा तापविते ती मुख्यतः तापलेली जमीन, आणि जमीन तापावयास वेळ लागतो; म्हणून पारा शिखरावर जातो तो बाराला नव्हे, तीनच्या आगेमागे. बारा ते चार ही माघारीची वेळ गावाने कोणत्याही यंत्रावाचून बरोबर हेरली होती.

माघार घ्यावयाची तर तिला साजेसे घर लागते. वऱ्हाडात आणि खानदेशात धाब्याची घरे असत, मराठवाड्यात त्यांनाच माळवद म्हणत. जाड तुळ्या, त्यांवर लाकडाच्या किलच्या, वर पाल्याचा थर आणि त्यावर खाऱ्या किंवा पांढऱ्या मातीचा जाडजूड लेप. भिंती इतक्या रुंद की कोनाड्यात समई ठेवून पुढे पोथी मावावी. अशा भिंतीत शिरलेला दुपारचा ताप तिच्या आतल्या अंगास पोचेपर्यंत रात्र पडे, आणि तोपर्यंत घरातली माणसे बाजा उचलून अंगणात नाही तर धाब्यावर निजावयास गेलेली असत. भिंतीने ताप सोडला तरी तो सोसावयास आत कोणी नसे! पूर्वेकडच्या झाडीपट्टीत मातीचे धाबे पावसापुढे टिकत नाही, म्हणून तिकडे कवेलू. गांधीजी सेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास आले तो दिवस ३० एप्रिल १९३६ चा होता. वर्ध्याचा ऐन उन्हाळा. कुटीस लागणारी सामग्री आसपासचीच असावी आणि खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, अशी त्यांची अट. कुडाच्या भिंतींना माती लिंपलेली, वर कवेलू आणि भोवती पडवी, असे ते घर आजही उभे आहे. भर दुपारी आत पाऊल टाकले की बाहेरच्या आणि आतल्या हवेतला फरक प्रथम डोळ्यांस कळतो. प्रकाश मंद होतो, आणि मग तो फरक कातडीस कळतो. आश्रमाचा इतिहास सांगणारे पुष्कळ असतात. मला त्या लिंपलेल्या भिंतीपाशी हाताचा पालथा तळवा टेकवून उभे राहणे अधिक शिकवून गेले.

घराप्रमाणे दिनक्रमही होता. वखरणीचे बैल पहाटे चारला जुंपले जात आणि नवाच्या आत सुटत. प्राथमिक शाळा होळीनंतर सकाळची होई, ती आजही होते, आणि विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिराने उघडतात. अक्षय्य तृतीयेस पाण्याने भरलेला घट दान द्यावयाचा, वेशीवर पाणपोई घालावयाची, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आंब्याची डाळ आणि पन्हे. पन्ह्याची थट्टा करणाऱ्यांनी जरा थांबावे. पाण्यासमवेत मीठ आणि साखर दोन्ही असली म्हणजे आतडे पाणी अधिक वेगाने शोषून घेते, हे तत्त्व डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या रुग्णांवर वापरले, हजारो जीव वाचविले, आणि पुढे जगभर त्याच तत्त्वाच्या पुड्या झाल्या. गूळ, मीठ आणि कैरीचा गर यांच्या मिश्रणाला आमच्या आज्या शास्त्र म्हणत नसत, एवढेच. खिशात कांदा ठेवण्याच्या रिवाजाविषयी मला इतकी खात्री देता येत नाही. तथापि जो माणूस आठवणीने कांदा घेतो तो सहसा डोक्याला शेलाही बांधतो, आणि गुण बहुधा शेल्याचा असावा.

हा तह मोडण्यास आरंभ झाला तो कचेरीपासून. मध्य प्रांताच्या इंग्रजी अमलात नागपूर ही राजधानी होती. उन्हाळा चढला की सरकारचे दप्तर पचमढीच्या डोंगरावर जाई. जे साहेब खाली राहत त्यांच्या बंगल्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावून भिश्ती त्यांवर पाणी मारी, आणि व्हरांड्यात बसलेला पंखेवाला दोरी ओढी. दुपार प्रथमच विभागली गेली ती येथे: आत बसणारा दुपारचा धनी, बाहेर बसणारा दुपारचा चाकर. अकरा ते पाचची कचेरी हा हुकूम लंडनच्या हवेला साजेसा होता. तो इकडे आला, रुजला, आणि इंग्रज गेल्यावरही राहिला. पाठोपाठ कारखाने आले, खाणी आल्या, आणि धाबे पाडून त्या जागी टिनाचे पत्रे आले. पत्र्याइतके स्वस्त आणि पत्र्याइतके निर्दय छप्पर दुसरे नाही. सिमेंटचा स्लॅब त्याहून प्रतिष्ठित खरा, पण दिवसभर गिळलेला ताप तो रात्री खालच्या खोलीत ओकतो, आणि आता आत माणसे निजलेली असतात.

वाळ्याच्या ताटीने मात्र लोकशाहीत चांगला जन्म घेतला. नागपुरात मार्चपासून रस्त्याकडेला कुलरवाल्यांची दुकाने मांडली जातात. लोखंडी पत्र्याचा चौकोनी डबा, तीन बाजूंना लाकडाच्या बारीक तुसांनी भरलेल्या ताट्या, तळाशी पाण्याचे टाके, एक चिमुकली मोटर आणि चौथ्या बाजूस पंखा. महाल भागातल्या एका बोळात असा एक कारागीर बराच वेळ न्याहाळला. जुन्या ताटीतला मिठाने पांढरा पडून खडा झालेला तुसांचा थर त्याने लोखंडी आकड्याने एका ओढीत उपसला, चौकट झटकली, नवा भुसा बोटांनी विंचरून जाळीवर सारखा पसरला (कोठे गोळा राहिला तर पाणी तेथून वाट काढते आणि बाकीची ताटी कोरडी राहते), जाळी मिटली, तारेचे चार पीळ दिले आणि वरच्या नळीची भोके सुईने मोकळी केली. घाई नव्हती, तरी कोठे हात अडला नाही. गिऱ्हाइकाची तक्रार होती की कुलर थंडावा देत नाही. ‘‘बंद खोलीत तो चालत नाही जी,’’ कारागीर म्हणाला, ‘‘समोरचं दार बोटभर तरी उघडं ठेवा. आतली हवा जाईन तेव्हाच बाहेरची येईन.’’ या एका वाक्यात जेवढे पदार्थविज्ञान आहे, तेवढे पुष्कळ सुशिक्षित घरांत नसते. लोखंडाच्या या डब्यास जमिनीत उतरणारी तार नीट नसली म्हणजे ओल्या हाताने स्पर्श करणारा माणूस जागीच ठार होतो, आणि अशी बातमी प्रत्येक उन्हाळ्यात येतेच. थंडावा हा येथे जोखमीचा व्यवहार आहे.

कुलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून, आणि माणसाचे शरीरही त्याच न्यायाने चालते. एक लिटर घाम कातडीवर पूर्णपणे वाळला तर तो अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तर. थर्मामीटरच्या गोळ्यास ओले फडके गुंडाळून वारा घातला म्हणजे पारा जेथवर उतरतो, ते ओल्या गोळ्याचे तपमान. शरीर घामाने कितपत निवू शकेल याचे हे माप. हवा ४५ अंश आणि आर्द्रता दहा टक्के असेल, तर हे माप २१-२२ अंशांच्या आसपास येते. उलट हवा ३८ अंशच, पण आर्द्रता पंचेचाळीस टक्के असेल तर ते २८ वर जाते. म्हणजे चंद्रपूरच्या भयंकर आकड्याहून किनाऱ्यावरचा सौम्य आकडा घातक ठरू शकतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर राज्यशासनाच्या पुरस्कारसोहळ्यासाठी लाखोंचा समुदाय सकाळपासून उघड्यावर बसला होता. व्यासपीठावर छत होते, श्रोत्यांवर नव्हते. त्यात १४ माणसे मृत्युमुखी पडली. पारा त्या दिवशी चाळिशीच्या आतच होता. ऊन चढत असता सोहळ्याची वेळ कोणी ठरविली, हा प्रश्न हवामानशास्त्राचा नाही.

आकड्यांचे वेड तरीही सुटत नाही. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविले आणि काही तास शहराने देशाचा उच्चांक मोडल्याची वार्ता सर्वत्र पसरली; खात्याने तपासणी करून यंत्र बिघडल्याचे जाहीर केले. भारताचा मान्य उच्चांक १९ मे २०१६ चा, राजस्थानातील फलोदीचा, ५१ अंशांचा आहे. ही मापे घेतली जातात ती झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, हिरवळीवर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. ती पेटी योजणारा टॉमस स्टीव्हनसन हा ‘ट्रेझर आयलंड’च्या कर्त्याचा पिता, हे जाता जाता. वेधशाळेचा ४५ अंश हा असा सावलीतला ४५ अंश आहे. डांबर अंथरणाऱ्या मजुराचा, वीटभट्टीवर कच्ची वीट थापणाऱ्या बाईचा, चंद्रपूरजवळ दुर्गापूरच्या उघड्या कोळसाखाणीत उतरलेल्या माणसाचा अंश त्या पेटीत मावत नाही.

उष्माघाताचे मृत्यू सरकारदरबारी थोडे दिसतात, कारण उन्हाने मेलेला माणूस कागदावर बहुधा हृदयविकाराने किंवा मूत्रपिंड निकामी होऊन मेलेला असतो. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ वर गेला, तेव्हा संशोधकांनी निराळा मार्ग धरला: त्या महिन्यातली एकंदर मृत्युनोंद घेऊन ती इतर वर्षांच्या मे महिन्यांशी ताडून पाहिली. १,३४४ मृत्यू अधिक भरले. त्या धक्क्यातून २०१३ साली तेथील महापालिकेने उष्णतेच्या मुकाबल्याचा आराखडा केला, आणि देशातल्या इतर शहरांनी, नागपूरनेही, तो कित्ता गिरविला. अहमदाबादची मला सर्वांत आवडलेली गोष्ट छोटी आहे. एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलविला, आणि उष्णतेने आजारी पडणारी बाळे कमी झाली. औषध नाही, यंत्र नाही. फक्त बिऱ्हाड बदलले. आपत्तीच्या निधीसाठी केंद्राने केलेल्या यादीत थंडीची लाट होती आणि उष्णतेची लाट मात्र दीर्घकाळ तिच्याबाहेर राहिली, ही गोष्ट १९९८ साली ओडिशात उन्हाने दोन हजारांवर माणसे गेल्यानंतरचीही आहे. याद्या बहुधा दिल्लीच्या हिवाळ्यात होत असाव्यात.

नागपूरचा आराखडा वाईट नाही. उद्याने दुपारी उघडी ठेवणे, चौकांत हिरव्या जाळ्यांचे छत घालणे, दुपारी काही सिग्नल बंद ठेवून वाहनस्वारांना उन्हात न थांबविणे, दवाखान्यांत शीतकक्ष राखणे, ही सारी तजवीज योग्यच होय. उष्माघाताच्या रुग्णाचे अंग ४० अंशांवर तापते आणि तो बरळू लागतो. त्याला गाडीत घालण्याआधी सावलीत ओढून अंगावर पाणी ओतावे आणि वारा घालावा, एवढे ज्ञान मजुरांच्या प्रत्येक ठिय्यावर पोचले तरी मोठे काम होईल. परंतु या साऱ्या पत्रकांत एक आज्ञा ठळक अक्षरांत असते: दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नये. ती वाचली की मला नेहमी प्रश्न पडतो, ही आज्ञा कोणास उद्देशून? जो पाळू शकतो त्याला ती सांगण्याची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याची दुपार त्याच्या हाती नाही.

ज्यांचे काम मोजून, अर्थात मालावर, असते ते अजूनही तह पाळू शकतात. गडचिरोलीकडे तेंदूपानांच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात, नवापर्यंत ओझे घेऊन परततात, दुपारी सावलीत बसून सत्तर सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी खरेदीच्या फळीवर देतात. तेथे पुडकी वाळविण्याचे काम तेच ऊन करते. रोजगार हमीही मुळात अशीच होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या आणि १९७७ साली कायद्यात बसविलेल्या त्या योजनेत मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर होती, आणि शेतीला काम नसते तेच उन्हाळ्याचे महिने तिच्या भराचे असल्यामुळे मजूर तांबडे फुटण्याआधी खड्ड्यावर जात. आता केंद्राच्या योजनेत २०२३ च्या जानेवारीपासून सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाईलवर, दिवसातून दोनदा छायाचित्रासह लावण्याचा नियम सर्वत्र लागू झाला आहे. गैरव्यवहार रोखणे हा हेतू, आणि तो रास्तच. परंतु दोन छायाचित्रांत काही तासांचे अंतर लागते. हजेरी घेणारा मेट उशिरा आला, संपर्क तुटला, की माती खोदून झाली तरी माणसे दुसऱ्या छायाचित्रासाठी बांधावर ताटकळत राहतात. काम संपलेले असते. दुपार सुरू झालेली असते.

बायकांची गोष्ट याहून अवघड आहे. वर्ध्याजवळ एका रस्त्याच्या कामावर आरोग्य खात्याच्या आशाताई क्षारसंजीवनीच्या पुड्या वाटीत होत्या. दर अर्ध्या तासाला पाणी प्या, असे सांगत होत्या. एका मजूरणीने पुडी घेतली, पदराच्या गाठीत बांधली आणि हलकेच विचारले, ‘‘ताई, पाणी पेल्यावर जाचं कुठं?’’ नजर जाईल तिथवर उघडे शेत, एकही आडोसा नाही. म्हणून ती सकाळपासून पाणी पीतच नव्हती. आराखड्यात पाण्याच्या टाक्यांची संख्या असते, संडासांची मला कोठे दिसली नाही. आणि जी घरी आहे तिचे काय? पत्र्याखालच्या दहा हातांच्या खोलीत चूल किंवा शेगडी पेटवून दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारी स्त्री सरकारी व्याख्येने सावलीत असते.

शहरात नवा चाकरवर्ग आला आहे. पाठीवर चौकोनी पिशवी, अंगात कंपनीचा रंगीत सदरा. दुपारी बाहेर जाऊ नये हा उपदेश पाळणारे गृहस्थ मोबाईलवरून जेवण मागवितात, आणि तो उपदेश त्यांच्या वतीने मोडावयास हा पोरगा धावतो. पंखेवाल्याची दोरी तेवढी अदृश्य झाली आहे.

नागपुरातल्या एका ठिय्यावर सकाळी आठला गवंडी, बिगारी आणि रंगारी उभे होते. काम नऊला सुरू होते आणि सहाला सुटते. सहाला सुरू करून बाराला का सोडीत नाहीत, असे विचारले तेव्हा ते हसले. ‘‘तुम्ही सहाला बोलवा ना भाऊ, आम्ही पाचला येतो.’’ त्यांच्यातल्या काहींबरोबर बांधकामावर गेलो. मुकादम समंजस माणूस होता. मजूर सकाळी दुप्पट काम देतात हे त्याला पुरते ठाऊक होते, आणि ठेकेदाराचीही हरकत नव्हती. त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. शेजारच्या गृहसंस्थेचा ठराव: झोपमोड होत असल्यामुळे सकाळी साडेआठपूर्वी यंत्र सुरू करू नये, अन्यथा पोलिसांत तक्रार करण्यात येईल. खाली सह्या, त्यांत दोन डॉक्टरांच्या. कुंपणाच्या पत्र्यावर उष्माघातापासून बचावाचे सरकारी भित्तिपत्रक चिकटविलेले होते. एक वाजता जेवणाची सुटी झाली, दीडला संपली. नवा स्लॅब उन्हाने तडकू नये म्हणून त्यावर गोणपाटे अंथरून ती सतत ओली ठेवावी लागतात, दुपारी तर विशेषच, असे मुकादमाने समजावून सांगितले, आणि पाण्याची नळी खांद्यावर टाकून एका पोराला वर पाठविले.